बाबांनी दारू सोडली, ती कापणी

उमेळ्याला आमच्या घरामागे आता भाताचं एवढंसं शेत उरलं आहे. तीन बाजूंनी इमारती. वरच्या मजल्यांवरून कुणाकुणाचे वाळत घातलेले पंचे उडून त्यात पडतात, आणि आई ते झटकून कुंपणावर लावून ठेवते. तरी दसरा उलटला की ते शेत न चुकता पिवळं होतं. परवा आईचा फोन आला, "शनवारी कापायला घेतो, जमलं तर ये." मी तुळिंजला डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. फोन ठेवला आणि भोवती औषधांचा वास असतानाही मला ओल्या पेंढ्याचा वास आला. कापलेलं भात, वरून ऑक्टोबरचं ऊन, खाली अजून न सुकलेला चिखल. हा वास सगळ्यांना आवडतो. मलाही आवडतो. पण त्याच्या मागोमाग दुसरा एक वास शोधायची मला सवय आहे, आणि तीन वर्षांपूर्वीच्या कापणीत ती सवय जेवढी जागी होती तेवढी कधीच नव्हती.

त्या वर्षी माझ्या वडिलांनी दारू सोडली होती. म्हणजे, तसं ते म्हणत होते.

बाबा कारखान्यात फिटर होते. मला कळायला लागल्यापासून ते पीत होते, निवृत्त झाल्यावरही पीत राहिले. फाटकातून आत आल्यावर ते चपला कशा काढतात यावरून मला आमची संध्याकाळ कळायची. दोन्ही चपला शेजारी-शेजारी निघाल्या की ठीक. एक इकडे, एक तिकडे, की मी वह्या उचलून आतल्या खोलीत. बडीशेप चघळत आले की जास्त भीती, कारण तोंडात काही आहे म्हणजे काहीतरी झाकलं आहे. भाताच्या कणगीत हात घालून मी बाटल्या काढल्या आहेत. पंपाच्या खोलीतून काढल्या, तुसाच्या पोत्यातून काढल्या, एकदा तर देव्हाऱ्यामागून. लग्न होऊन वसई रोडला फ्लॅटमध्ये राहायला गेले तरी माहेरच्या उंबऱ्यातून माझं नाक आधी आत जायचं, मी मागून.

आणि सोडायचं म्हणाल तर बाबांनी याआधी तीनदा सोडली होती. एकदा गळ्यात माळ घालून, एकदा देवीसमोर नारळावर हात ठेवून, एकदा कुणीतरी दिलेली कडू पूड दुधातून घेऊन. देवही वापरून झाला होता आणि औषधही. त्यामुळे गणपती उठल्यावर आई फोनवर दबक्या आवाजात म्हणाली, "ऐक, महिना झाला, तो पीत नाय," तेव्हा मी विचारलं, "मग कुठे लपवतायत?"

"लपवत नाय. वसईत जातो तिकडे, चर्चच्या मागे. आठवड्यातून तीनदा. पिनारेच असतात सगळे. बसतात, बोलतात नि येतात."

"बोलतात म्हणजे?"

"काय ठाव. आल्यावर शहान्यासारखा वागतो."

शेजारच्या काकूंनी आईला विचारलंही होतं, धर्मबिर्म बदलणार की काय तुमचे हे? आई त्यांना म्हणाली होती, "पिनं सुटलं तर मला कुठलापन देव चालतो." आईचं ठीक होतं. ती थकली होती, थकलेल्या माणसाला विश्वास परवडतो. मला परवडत नव्हता, कारण माझ्या घरात पाच वर्षांची ओवी होती.

त्या ऑक्टोबरात माझ्या सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला कराडला गेल्या, तीन महिन्यांसाठी. नवरा सकाळी सातला अंधेरीला जायला निघे. माझी ड्यूटी सकाळची. ओवीची शाळा साडेबाराला सुटायची आणि तिला घरी कोण आणणार हा प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर उभा राहायचा. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दोन आठवडे आणलं, मग त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसायला लागला. आई कापणीत अडकलेली. एका रविवारी आम्ही उमेळ्याला जेवत होतो तेव्हा बाबा भातावर आमटी घेत म्हणाले, "मी आनतो ना तिला शाळेतून. मला काय काम आहे?"

"नाही," मी म्हटलं. विचार करायला एका घासाचाही वेळ घेतला नाही.

नवऱ्याने ताटात मान घातली. आई ओट्याशी वळली. पूर्वीचे बाबा असते तर ताट भिंतीवर गेलं असतं. त्या दिवशी त्यांनी पाण्याचा पेला उचलला, थोडं पाणी प्याले आणि म्हणाले, "बरोबर आहे. नाय म्हन."

त्या शहाण्या उत्तराने मला जितकी भीती वाटली तितकी त्यांच्या आरडाओरड्याने कधी वाटली नव्हती. ओरडणारे बाबा मला पाठ होते. हे कोण होते? हा शांतपणा कुणी शिकवला त्यांना, आणि कशासाठी? दारू सुटली असेल तर तिच्या जागी काय आलं? माणूस एवढा रिकामा राहत नाही. मी टीव्हीवर बाबा-महाराजांच्या मागे लागून घरदार सोडणारी माणसं बघितली होती. मला वाटलं, बाटलीतून निघाले आणि कुणाच्या तरी मुठीत गेले.

म्हणून एका बुधवारी संध्याकाळी सहाला, ओवीला नवऱ्याजवळ सोपवून मी त्यांचा माग काढला.

चर्चच्या मागे जुन्या बालवाडीची एक बसकी खोली आहे. भिंतीवर अजून मुळाक्षरांचे तक्ते, कोपऱ्यात रंगीत ठोकळ्यांची टोपली. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. मी खिडकीशी, जास्वंदीच्या आड उभी राहिले. आधी भिंती बघितल्या. एखादा फोटो, एखादा गुरू, एखादी मूर्ती, क्रूस, काहीही. नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. ज्याचं चित्र आहे त्याच्याशी निदान भांडता येतं. ही माणसं उभी राहिली, एकमेकांचे हात धरले, डोळे मिटले आणि कुणाचंही नाव न घेता कुणाला तरी म्हणाली की आमच्याने होत नाही, तू सांभाळ. माझे बाबा एका रिक्षावाल्याचा आणि एका पांढऱ्या पंजाबी ड्रेसमधल्या बाईचा हात धरून उभे होते. माझा हात त्यांनी शेवटचा कधी धरला होता ते मला आठवेना.

"पोरी, वास घ्यायला आलीस का?"

मी दचकून वळले. मागे एक उंच म्हातारे गृहस्थ चहाची किटली घेऊन उभे. हाफ पँट, पायांना केळीच्या बागेतली माती. हे बावतीसकाका. वसईतलेच ख्रिस्ती बागायतदार. अकरा वर्षं त्यांनी थेंब घेतला नव्हता आणि नव्या माणसाला हाताशी धरायचं काम ते करायचे. बाबांना त्यांनीच धरलं होतं.

ते म्हणाले, "लाजू नको. माझी बायको पण इथेच उभी राहायची, ह्याच झाडामागे. सहा महिने. मग म्हणाली, पाय दुखतात, आत खुर्ची द्या." ते हसले, आणि किटली खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून म्हणाले, "उन्हाळ्यात गेली ती. आज घरच्यांनी बसलं तर चालतं. ये."

आत मी दाराजवळची खुर्ची घेतली, पटकन उठून जाता येईल अशी. बाबांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यांची बोलायची पाळी आली. (तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं असतं. बाबांनी आणि बावतीसकाकांनी मला हे लिहायला हो म्हटलं आहे, म्हणून लिहिते.)

"मी मोरेश्वर. मी दारुडा आहे," बाबा म्हणाले. "आज माझी मुलगी आली आहे, तर तिच्याबद्दलचं सांगतो. ती आठ वर्षांची होती. तिला चिंचोटीचा धबधबा दाखवायला घेऊन गेलो होतो."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. बाबांनी मला एका कातळावर बसवलं होतं, हातात बिस्किटांचा पुडा दिला होता, म्हणाले होते, हलू नकोस, आलोच. पाऊस सुरू झाला. बिस्किटांचा लगदा झाला. सहलीला आलेले लोक एकेक करून उतरले, धबधब्याचा आवाज वाढत गेला, आणि मी हलले नाही, कारण त्यांनी हलू नकोस म्हटलं होतं. शेवटी पाड्यावरच्या एका बाईने मला कडेवर घेतलं, आपल्या घरी नेऊन कोरड्या लुगड्यात गुंडाळलं. दिवस मावळताना मामा शोधत आला. पुढे घरात या गोष्टीचं एक ठरलेलं वाक्य झालं, बाबा मला धबधब्यावर विसरले होते. पिऊन विसरले. लग्नात माझ्या नवऱ्यालाही कुणीतरी ते हसत सांगितलं होतं.

"घरचे म्हनतात मी तिला विसरलो," बाबा म्हणाले. त्यांची नजर फरशीवर होती. "मीपन तेच म्हनत आलो. पन मी विसरलो नव्हतो. खाली रस्त्यावरच्या झोपडीत बसलो होतो नि मला सारखं दिसत होतं, पोर दगडावर बसली आहे. पाऊस लागला तेव्हापन दिसत होतं. मी म्हनत होतो, एवढा गिलास संपला की जातो. मग एवढा संपला की जातो. ती हलनार नाय हे मला ठाव होतं. शहानी होती. म्हनून मी बसून राहिलो."

कुणी च्च् केलं नाही, कुणी मान हलवली नाही. पांढऱ्या ड्रेसमधल्या बाईंनी फक्त म्हटलं, "मोरेश्वरभाऊ, सांगितलंत, बरं झालं." पुढच्या माणसाची पाळी आली. कुणीतरी माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली.

मी उठून बाहेर आले. मला राग आला होता, आणि तो बाबांवर होता त्याहून जास्त त्या खोलीवर होता. माझी गोष्ट माझ्या आधी या अनोळखी माणसांना मिळाली होती. 'बरं झालं' म्हणणाऱ्या त्या कोण? माफ करायचंच असेल तर ते माझं काम होतं, आणि मी काही केलं नव्हतं. पण रिक्षात बसल्यावर, स्टेशनच्या गर्दीत अडकलेल्या त्या रिक्षात, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी सीटच्या कडेवर सरकून बसले. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात बाबांनी मला सांगितलेली प्रत्येक खोटी गोष्ट त्यांना सोपं जावं म्हणून सांगितलेली होती. आजची गोष्ट त्यांना अवघड होती. विसरलो म्हणणं किती सोयीचं होतं, सगळं कुटुंब त्यांना ते देऊन मोकळं झालं होतं. पिणारा माणूस या दिशेने खोटं बोलत नाही.

विश्वास म्हणणार नाही मी त्याला. पण संशयाला त्या दिवशी पहिल्यांदा उत्तर सापडलं नाही.

मी नंतर एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्ही तिथे नेमकं कुणाला हात जोडता? बाबा शेतातच होते, कापलेल्या भाताची कडपं उन्हात पालथी करत. म्हणाले, "मला पन आधी तेच अडलं होतं. माझा देवावर राग. बावतीस म्हनला, तुझ्यापेक्षा मोठं असं काहीपन धर. मी म्हटलं, काय धरू? तर त्या खुर्च्या धरल्या."

"खुर्च्या?"

"बारा-तेरा खुर्च्या असतात. एक रिकामी राहिली तर सगळे फोन काढतात. माझ्यासाठी असं कुनी कधी केलं होतं काय, तुझी आई सोडून?"

हे ऐकायला छान होतं. छान ऐकायला येतं त्याचीच मला धास्ती. खुर्च्या म्हणजे माणसंच ना, आणि माणसं पडतात.

ती पडली, त्याच कापणीत. शुक्रवार होता. आदल्या दिवशी कापलेलं सगळं भात शेतात पसरलेलं आणि सकाळपासून पूर्वेला काळं भरून आलेलं. अकराला आईचा फोन आला, "बाबा नाय. फाटेचे उठून गेले. फोन लागत नाय. पाऊस पडंल, मी एकटी काय काय उचलू?"

मला ते सगळं नवीन नव्हतंच. मी दवाखान्यात डॉक्टरांना सांगून निघाले, रिक्षाने उमेळ्याला आले, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून आईबरोबर पेंढ्या उचलायला लागले. भाताच्या पात्यांनी हात कापत होते. मी प्रत्येक भारा पडवीत टाकला की परत जाताना कुठे ना कुठे बघत होते, पंपाची खोली, तुसाची पोती, कणगी. काही सापडलं नाही, आणि न सापडल्याने मी जास्त चिडले. निम्मं भात आत आलं तेवढ्यात पाऊस कोसळला. उरलेलं निम्मं आमच्या डोळ्यांदेखत चिखलात बसलं. आई पडवीत ओल्या भाऱ्यांवर बसून म्हणाली, "सोडली म्हनला होता." एवढंच.

बावतीसकाकांना ठाऊक असेल म्हणून मी तशीच ओली त्यांच्या वाडीत गेले. केळींमधून वाट होती. घराचं दार उघडं. आणि उंबऱ्यातच तो वास आला. लहानपणापासून ओळखीचा, आंबूस, गोडसर. मला एका बाजूने आनंदच झाला हे मी कबूल करते. बघा, मी म्हणत होते.

बाबा मोरीच्या दारात उभे होते, शर्ट ओला, बाह्या वर सरकवलेल्या. मी सरळ त्यांच्याजवळ गेले आणि तोंडाजवळ नाक नेलं. ते मागे सरले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्यासाठी श्वास सोडला. कोऱ्या चहाचा वास होता.

मग मला खाटेवर बावतीसकाका दिसले. भिंतीकडे तोंड करून पडलेला तो उंच माणूस, अंगावर बाबांनी बदललेले स्वच्छ कपडे, अजून बटणं वरखाली लागलेली. त्या दिवशी त्यांच्या बायकोचा वाढदिवस होता. अकरा वर्षांनंतर पहाटे त्यांनी बाटली उघडली होती.

"तुमचा फोन?" मी विचारलं.

"त्याने हौदात टाकला. मी तुझ्या आईला लावत होतो." बाबांनी दाराबाहेर पाहिलं. "भात?"

"निम्मं गेलं."

खाटेवरून काका म्हणाले, तोंड न वळवता, "पोरी, ह्याला घरी ने. माझ्याजवळ नको ठेवू."

"गप पड," बाबा म्हणाले.

संध्याकाळी त्या गटातला रिक्षावाला काकांजवळ बसायला आला तेव्हा आम्ही निघालो. पाऊस थांबला होता, केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. मी बाबांना विचारलं, "अकरा वर्षं काढलेला माणूस पडतो. मग काय उपयोग तुमच्या त्या खोलीचा?"

"बाटली उघडायच्या आधी फोन करायला पायजे होता. त्याने उघडल्यावर केला," ते म्हणाले. "पन केला."

"आणि तुम्हाला नाही वाटलं? समोर उघडी होती."

"वाटलं." ते चालत राहिले. "मोरीत ओतली. बोटांना वास राहिला म्हनून तीनदा साबन लावला. तू आलीस तेव्हा चौथ्यांदा लावायला चाललो होतो."

पुन्हा तेच, त्यांना अवघड जाणारं उत्तर.

पुढच्या बुधवारी मी खिडकीशी उभी न राहता आत गेले. बावतीसकाका आले होते. चहाची किटली दुसऱ्या कुणाच्या हातात होती. त्यांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखं म्हणाले, "आज माझा पाचवा दिवस." अकरा वर्षांचा हिशेब पुसून पाच. मी सगळ्यांचे चेहरे बघितले, दया शोधत होते, तुच्छता शोधत होते, निदान नजर चुकवणारा एखादा. नव्हता. कुणाला धक्का बसला नव्हता. शेवटी सगळे उभे राहून नेहमीचे ते बिननावाचे शब्द म्हणाले, काकांचा एक हात बाबांच्या हातात होता. दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. मी उठले आणि तो हात धरला. शब्द मी म्हटले नाहीत. तेवढी जागा मी आजही राखून ठेवली आहे.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी बाबांना म्हटलं, "ओवीला आणा शाळेतून." आणि दवाखान्यातल्या मैत्रिणीशी बोलून दोन आठवड्यांसाठी माझी ड्यूटी दुपारची करून घेतली. रोज साडेबाराला मी शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहायची, ओढणी डोक्यावरून घेऊन. बाबा माझ्याही आधी येऊन फाटकाला टेकलेले असायचे. ओवी आली की दप्तर स्वतःच्या खांद्यावर, तिची बाटली स्वतःच्या गळ्यात, तिचा हात हातात. रस्ता ओलांडताना ते तिसरीच्या मुलासारखे दोन्हीकडे बघायचे. मी मागोमाग बिल्डिंगच्या दारापर्यंत जायची, ते आत गेले की पाच मिनिटं जिन्यात थांबायची, वर दार लागल्याचा आवाज ऐकायची, आणि मग दवाखान्यात. मला वाटायचं की मी फार हुशारीने करते आहे. त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती.

दोन आठवडे संपले. सोमवारी सकाळी मी पुन्हा तुळिंजला माझ्या खुर्चीवर बसले. बाराला पेशंटचे केसपेपर लावायला घेतले आणि एकच पेपर चारदा लावला. साडेबारा झाले. बारा पस्तीस. फोन वाजला, बाबांचा. माझ्या हातातून पेन पडलं.

"काय झालं?"

मागून मुलांचा गलका ऐकू येत होता.

"काय नाय. ती आली आहे, माझ्याजवळच आहे," बाबा म्हणाले. मग थोडं अडखळून, "आज तू झेरॉक्सवाल्याकडे दिसली नाहीस. मी थांबलो जरा. म्हटलं विचारावं." ओवी मागे काहीतरी सांगत होती, भूक लागली असं. "नेऊ काय तिला?"

समोर डोळ्यात औषध घातलेले तीन पेशंट मान मागे टाकून बसले होते. मी पडलेलं पेन उचललं. बाबांनी घाई केली नाही.

"न्या," मी म्हटलं.